संगणकाची रॅम वाढविताना व्यापाऱ्यांनी घ्यावयाची खबरदारी

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि ज्या पेढ्यांवर तोपर्यंत चोपडीवर काम भागत होते, तेथेही संगणक येऊन बसला. कापडाचा गाळा असो, हार्डवेअरचे दुकान असो की एम्ब्रॉयडरीचा कारखाना असो. बिल, ई-वे बिल आणि महिन्याचे विवरणपत्र या कामांसाठी संगणकावाचून आता चालत नाही. त्या सुमारास घेतलेली पुष्कळ यंत्रे आजही त्याच टेबलावर आहेत. त्यांतील कित्येक तर तेव्हाच वापरलेली, म्हणजे सेकंडहँड घेतलेली होती. हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडले, त्याच्या शेजारी जीएसटीचे पोर्टल आणि बँकेचे पान उघडले की यंत्र अडकते. गिऱ्हाईक समोर उभे असते आणि पडद्यावर चक्र फिरत राहते.

अशा वेळी कॉम्प्युटरवाला सांगतो, "शेठ, रॅम वाढवा." सल्ला बहुधा योग्य असतो. परंतु आमच्या बाजारात असेही पुष्कळदा पाहावयास मिळते की, रॅम टाकल्यावर यंत्र वेगवान होण्याऐवजी सुरूच होत नाही. पंखा फिरतो, दिवा लागतो, पडदा मात्र काळा. कधी आतून बीप-बीप असा आवाज येत राहतो. मग निदान होते की "मदरबोर्ड गेला", आणि थोडक्यात भागणाऱ्या कामासाठी निघालेला माणूस नवीन संगणकाचा खर्च अंगावर घेऊन परततो. २० तारखेला विवरणपत्र भरावयाचे असेल तर घासाघीस करण्याइतकीही फुरसत त्याला नसते. आमचे म्हणणे एवढेच आहे की, पुष्कळ वेळा बोर्ड गेलेला नसतो. नवी पट्टी आणि जुना बोर्ड यांचा मेळ बसलेला नसतो. हा मेळ कसा पाहावा आणि तो न बसल्यास काय करावे, हे कोणाही व्यापाऱ्याला किंवा कारागिराला समजण्यासारखे आहे.

हा विषय आताच घेण्याचे कारण बाजारभाव हे आहे. २०२५ सालच्या उत्तरार्धात मेमरीचे भाव झपाट्याने चढले. जगातील बहुतेक मेमरी चिप तीनच कंपन्या बनवितात: कोरियातील सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेतील मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांना लागणारी मेमरी त्यांना अधिक नफ्याची वाटू लागली आणि साध्या संगणकाचा माल कमी पडू लागला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल या नावाने किरकोळ बाजारात विकला जाणारा माल बंद करण्याचे जाहीर केले. अशी टंचाई झाली की काय होते हे सुताच्या धंद्यातील माणसाला सांगावयास नको. जुना माल, भंगारातून काढलेला माल आणि भलत्याच कामासाठी बनविलेला माल नव्या वेष्टणात पुढे येतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो वा दिल्लीचे नेहरू प्लेस, तेथे चांगला मालही आहे आणि हा मालही आहे. ओळखणे घेणाऱ्यावर आहे.

पिढी ओळखा

सूत घेताना आम्ही काउंट पाहतो. कापड घेताना पन्हा, रीड आणि पीक पाहतो. नुसते "सूत द्या" म्हणून कोणी पोते उचलत नाही. रॅमच्या बाबतीत मात्र "आठ जीबी द्या" एवढेच सांगितले जाते. जीबी म्हणजे फक्त वजन झाले, जात नव्हे.

रॅमची जात म्हणजे तिची पिढी. डीडीआर २, डीडीआर ३, डीडीआर ४ आणि डीडीआर ५ अशा पिढ्या सध्या वापरात आढळतात. डीडीआर ३ ला २४० पिना असतात व ती दीड व्होल्टवर चालते. डीडीआर ४ ला २८८ पिना असून तिला १.२ व्होल्ट लागतात. डीडीआर ५ लाही २८८ च पिना, पण व्होल्ट १.१. प्रत्येक पिढीच्या पट्टीच्या खालच्या कडेला जी खाच असते तिची जागा वेगळी असते, त्यामुळे एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नये. जोर लावून स्लॉट फोडल्याची उदाहरणे आहेत आणि मग बोर्ड खरोखरच जातो.

आपल्या यंत्राला कोणती पिढी लागते याचा अंदाज प्रोसेसरच्या नंबरवरून येतो. इंटेलच्या आय५-३४७० या नंबरातील ३ म्हणजे तिसरी पिढी, आय३-१०१०० मधील १० म्हणजे दहावी. दुसऱ्या ते चौथ्या पिढीच्या डेस्कटॉपला डीडीआर ३ लागते. सहाव्यापासून अकराव्यापर्यंत सर्वसाधारणपणे डीडीआर ४. अलबत्ता, सहाव्या-सातव्या पिढीचे काही बोर्ड कमी व्होल्टची डीडीआर ३ एल घेतात. त्यांत जुनी दीड व्होल्टची पट्टी घालू नये. बाराव्या पिढीपासून बोर्डाप्रमाणे डीडीआर ४ किंवा ५, तेव्हा तेथे बोर्डाचे नाव पाहिल्याशिवाय खरेदीच करू नये. एएमडीच्या रायझन यंत्रांत एएम४ सॉकेट असेल तर डीडीआर ४ आणि एएम५ असेल तर फक्त डीडीआर ५.

बोर्डाचे नाव बोर्डावरच ठळक छापलेले असते. ते कंपनीच्या संकेतस्थळावर शोधल्यास किती स्लॉट, एका स्लॉटमध्ये जास्तीत जास्त किती जीबी आणि एकूण किती, हे कळते. त्याच ठिकाणी कंपनीने स्वतः चालवून पाहिलेल्या पट्ट्यांची यादीही बहुधा असते. दुरुस्तीवाला ती यादी क्वचितच उघडतो, असे आमच्या पाहण्यात आहे.

एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. कचेऱ्यांतून निघालेली डेल, एचपी, लेनोव्होची छोट्या डब्याची यंत्रे आपल्या लोकांनी पुष्कळ घेतली आहेत. त्यांतील अगदी लहान यंत्रांत लॅपटॉपची आखूड पट्टी लागते, डेस्कटॉपची नव्हे.

चिठ्ठी वाचा

पट्टीवर इंग्रजी अक्षरांत एक चिठ्ठी असते. तिच्यावर उदाहरणार्थ असे लिहिलेले असते: ८ जीबी, २आरएक्स८, पीसी३-१२८००यू. हे वाचता आले तर अर्धे काम झाले. पीसी३ म्हणजे डीडीआर ३. पीसी४ म्हणजे डीडीआर ४. १२८०० म्हणजे १६०० चा वेग, १०६०० म्हणजे १३३३ चा. २आरएक्स८ चा अर्थ साध्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी मिळून १६ चिप आहेत. १आरएक्स८ म्हणजे ८ चिप. आणि शेवटचे अक्षर सर्वांत महत्त्वाचे. यू असेल तर माल साध्या संगणकाचा. आर असेल तर तो सर्व्हरचा.

सर्व्हरची ही रजिस्टर्ड पट्टी हीच फसवणुकीची मोठी जागा आहे. मोठ्या कंपन्यांचे जुने सर्व्हर भंगारात निघतात आणि त्यांतील रॅम घाऊक बाजारात स्वस्त मिळते. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ मध्ये तिच्या पिना तेवढ्याच, खाचही त्याच जागी. त्यामुळे ती डेस्कटॉपमध्ये व्यवस्थित बसते, कट्ट असा आवाज येतो, घेणारा खूश होतो. पण साधा बोर्ड तिच्यावर सुरू होत नाही. (डीडीआर ५ मध्ये खाच वेगळी केल्याने हा घोटाळा टळला आहे.) चिठ्ठी काढून टाकलेली असली तरी ओळख आहे: अशा पट्टीवर मधोमध एक वेगळ्या आकाराची चिप असते, आणि एका बाजूच्या मेमरी चिपची संख्या आठ नसून नऊ भरते.

दुसरी जागा म्हणजे "फक्त एएमडीसाठी" असलेली डीडीआर ३ ची स्वस्त पट्टी. तिच्यावरील चिपची रचना अशी असते की काही एएमडी बोर्ड ती वाचतात, इंटेलचे बोर्ड वाचत नाहीत. पट्टी खराब नसते, माल खोटा नसतो. फक्त तो आपल्या कामाचा नसतो. दुकानदाराने हे सांगितले तर त्याच्याविषयी तक्रार नाही. न सांगता दिले तर मात्र ती सरळसरळ लबाडी आहे, भाव कितीही कमी असो.

तिसरी बाब जुन्या बोर्डांची आहे. इंटेलच्या जी४१ चिपसेटचे बोर्ड आपल्याकडे अजूनही कोठे कोठे चालतात. हा बोर्ड एकूण ८ जीबीच्या पुढे जात नाही, आणि ४ जीबीची पट्टी घ्यावयाची तर ती १६ चिपची असावी लागते. आठ मोठ्या चिपची ४ जीबी पट्टी तो नीट ओळखत नाही. त्यानंतरच्या एच६१ बोर्डाला दोन स्लॉट आणि एकूण १६ जीबीची मर्यादा. तेथेही ८ जीबीची पट्टी १६ चिपची, म्हणजे २आरएक्स८ घ्यावी.

वेगाची फार चिंता करू नये. १६०० ची पट्टी १३३३ च्या बोर्डावर १३३३ ने चालते. दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र घातल्या तर दोन्ही हळू असलेल्या पट्टीच्या चालीने चालतात. ३२०० ची पट्टी घेतली आणि संगणक २६६६ दाखवितो म्हणून भांडण करणारे आम्ही पाहिले आहेत. तेथे मर्यादा बोर्डाची किंवा प्रोसेसरची असते, दुकानदाराचा दोष नसतो. त्याचप्रमाणे विंडोज ३२-बिटची असेल तर ४ जीबीच्या पुढील रॅम तिला वापरता येत नाही. आठ घाला की सोळा, ती तेवढीच दाखविणार.

यंत्र सुरू होत नसेल तर

एका एम्ब्रॉयडरी कारखानदाराच्या यंत्राचा प्रकार आमच्यासमोर घडला. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, एच६१ बोर्ड, त्यात ४ जीबीची एक पट्टी. डिझाइनची मोठी फाइल उघडली की यंत्र अडके, म्हणून ८ जीबीची आणखी एक पट्टी बसविण्यात आली. डिस्प्ले गेला. नवी पट्टी काढली तरीही डिस्प्ले येईना. साहजिकच सांगण्यात आले की बोर्ड गेला, नवीन सेट घ्या. लग्नसराईचे काम अंगावर, मशीनवर बसलेले कारागीर रिकामे, आणि सर्व डिझाइन त्याच यंत्रात. कारखानदार पैसे काढावयास निघाला होता. तेवढ्यात एका वयस्क मेकॅनिकला बोलावणे झाले. त्याने विजेची वायर काढली, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून आतील वीज निघू दिली आणि दोन्ही स्लॉट रिकामे केले. जुन्या पट्टीच्या सोनेरी पिना पेन्सिलच्या साध्या खोडरबराने पुसल्या, रबराचा भुसा झटकला, स्लॉटमधील धूळ ब्रशने काढली. बोर्डावरील बटण-सेल काढून काही मिनिटांनी परत बसविला. नंतर केवळ जुनी पट्टी, दोन्ही टोकांच्या कड्या लागेपर्यंत दाबून बसविली. यंत्र सुरू झाले. आधीच्या घाईत जुन्या पट्टीची एक कडी अर्धवट राहिली होती, एवढेच. मग त्याने नव्या पट्टीची चिठ्ठी वाचली: पीसी३-१०६००आर. सर्व्हरचा माल. पट्टी परत गेली, योग्य पट्टी आली आणि त्याच दिवशी मशीन चालू झाली.

त्या मेकॅनिकने जे केले त्यात गुप्त असे काही नाही. क्रम तेवढा पाळावयाचा. पहिल्याने जुन्या पट्टीवर यंत्र चालते की नाही हे पाहावे. चालत असेल तर बोर्ड शाबूत आहे. त्यानंतर जुनी काढून नवी एकटी घालावी, आधी एका स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात. नवी कोणत्याच स्लॉटमध्ये चालत नसेल तर दोष पट्टीचा किंवा तिच्या जातीचा. दोन्ही पट्ट्या एकेकट्या चालतात पण एकत्र चालत नाहीत, असे झाले तर ती जोडी जमत नाही. बायोस नवीन करून पाहावा, नाहीतर एकाच कंपनीच्या एकाच नंबरच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. आणि प्रत्येक पट्टी एकाच ठराविक स्लॉटमध्ये नापास होत असेल तर स्लॉट खराब आहे, किंवा प्रोसेसरखालच्या सॉकेटची एखादी बारीक पिन वाकली आहे. प्रोसेसरचा पंखा वाकडा आवळला गेल्यानेही एका बाजूचे स्लॉट बंद पडतात. हे काम मात्र घरी करू नये.

हात घालण्यापूर्वी वायर काढलेली असावी आणि कॅबिनेटच्या लोखंडाला एकदा हात लावावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते. पट्टी कडेने धरावी. चार स्लॉट असतील आणि पट्ट्या दोन असतील तर कोणते दोन वापरावयाचे हे बोर्डाच्या पुस्तिकेत दिलेले असते. बहुधा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. बीपचा अर्थ प्रत्येक बायोसमध्ये निराळा असल्याने तोही पुस्तिकेतच पाहावा. डीडीआर ५ च्या यंत्रात नवी रॅम घातल्यावर पहिल्या वेळी पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. यंत्र त्या वेळी पट्टीची पारख करीत असते. घाबरून वीज बंद करू नये.

सुरू होते पण दगा देते

याहून वाईट प्रकार म्हणजे यंत्र सुरू होते, दोन दिवस चालते आणि मध्येच निळा पडदा येतो किंवा सॉफ्टवेअर आपोआप बंद होते. बंद पडलेले यंत्र निदान स्पष्ट बोलते. दोषी रॅम मात्र गप्प राहून चुकीचा आकडा लिहू शकते, कारण डिस्कवर जाणारी प्रत्येक नोंद आधी रॅममधून जाते. येणे-देणे, स्टॉक, उधारीची खाती, सगळे त्यातून जाते. हिशेबाची फाइल उघडत नाही, डेटा खराब झाला, अशा तक्रारींमागे पुष्कळ कारणे असतात. त्यांतील हे एक आहे आणि त्याचा संशय सर्वांत शेवटी येतो.

म्हणून रॅम बदलण्यापूर्वी हिशेबाच्या डेटाची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती यंत्रापासून वेगळी ठेवावी. जुन्या प्रतीवर नवी लिहू नये. तारखेप्रमाणे दोन-तीन प्रती असाव्यात. नवी पट्टी बसविल्यावर त्याच रात्री तपासणी लावावी. विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक नावाची सोय आहेच. तिच्याहून कसून तपासणारा मेमटेस्ट८६ हा प्रोग्राम विनामूल्य मिळतो. तो पेन ड्राइव्हवरून चालतो. दुकान बंद करताना लावावा, सकाळी पाहावा. एकही चूक दाखविली तर पट्टी परत करावी. "एखादी चूक चालते" असे सांगणाऱ्याचे ऐकू नये. मेमरीत चूक शून्यच असावी लागते.

घ्यावी की न घ्यावी

आता खर्चाचा विचार. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० आणि साधारणतः इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील प्रोसेसर लागतो. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या यंत्रात कितीही रॅम घातली तरी ते त्या रांगेत बसत नाही. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार होत असतील तर चढ्या भावाची १६ जीबी त्यात घालणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही. ४ ची ८ करून आणखी वर्षभर काढावे आणि तेवढ्यात नव्या यंत्राची तजवीज करावी. जुनी फिरती हार्ड डिस्क अजून असेल तर आधी एसएसडी घ्यावी. यंत्राच्या चालीत तिचा फरक पुष्कळदा रॅमहून अधिक पडतो. उर्दू छपाईचे आमचे मित्र जुन्या यंत्रावर इनपेज चालवितात. तेवढ्याच कामासाठी रॅम वाढविण्याची गरज नाही.

खरेदीस जाताना जुनी पट्टी किंवा तिच्या चिठ्ठीचा फोटो बरोबर न्यावा आणि बोर्डाचे नाव कागदावर लिहून न्यावे. बिल पक्के घ्यावे, त्यावर पट्टीचा नंबर लिहवून घ्यावा; नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला त्यावर जीएसटीचे क्रेडिटही मिळते. "या बोर्डावर न चालल्यास परत" एवढे शब्द बिलावर लिहून देण्यास जो दुकानदार तयार आहे, त्याच्याकडे थोडा भाव जास्त पडला तरी माल तेथे घ्यावा. आणि काढलेली जुनी पट्टी दुकानदाराला देऊन न टाकता कागदात गुंडाळून गल्ल्यात ठेवावी. पुढे कधी डिस्प्ले गेला तर बोर्ड गेला की रॅम गेली, हे तिच्यावरून दहा मिनिटांत कळते.